हार्लन क्विस्टचा डावा हात

लग्नाला सात वर्षं झाली, पण नवऱ्याचा डावा हात नोरीनच्या वाट्याला कधी आला नव्हता.

फिरायला निघाले की ती त्याच्या उजव्या अंगाला चालायची. गाडीचं दार, तापलेला तवा, सामानाच्या पिशव्या, दुडदुडणाऱ्या लेकीचं, टिलीचं, बोट, सगळं हार्लन उजव्या हातानं धरायचा. डावा हात खिशात असायचा, नाहीतर मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखा, कुणी हलवू नये असा. झोपतानाही तो त्या कुशीवर वळत नसे. लग्नात अंगठी डाव्या हातात घालायची रीत. यानं उजवा पुढे केला. पाद्रीबुवांनी डोळ्यांनी ‘दुसरा, दुसरा’ अशी खूण केली, तरी हा आपला उजवाच धरून उभा. शेवटी नोरीननंच अंगठी उजव्या बोटात सरकवली, आणि मागच्या बाकांवर बसलेले त्याचे संघातले सवंगडी टाळ्या पिटत उठले.

तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. त्या हातावर घर चालत होतं. म्हणजे कधी चालत होतं, कधी रांगत होतं. हार्लन बेसबॉलचा पिचर होता. डाव्या हातानं चेंडू फेकणं हा त्याचा धंदा, आणि तो त्यानं बारा वर्षं बारक्या गावांच्या बारक्या संघांत केला होता. धान्याच्या कोठारांची गावं, कागदाच्या गिरणीची गावं, एक गाव तर असं की वारा फिरला की सगळ्या प्रेक्षकांनी एकदम नाकाला रुमाल लावावा. हिवाळ्यात तो पार्सलं पोचवायच्या गाडीवर असायचा आणि वसंत लागला की संघाच्या बसमध्ये.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या संघांना हे सगळे खेळाडू ‘वर’ म्हणतात. हार्लन एकदा वर गेला होता. तिथल्या एका पिचरच्या पाठीत उसण भरली म्हणून त्याला बोलावणं आलं, नवा कोरा शर्ट मिळाला, त्यावर पाठीमागे ‘क्विस्ट’ असं नाव. चार दिवस तो बाकावर बसून राहिला. पाचव्या दिवशी त्या माणसाची पाठ मोकळी झाली आणि हार्लन खाली परत आला. चेंडू हातात घ्यायची वेळच आली नाही. वर कसं असतं रे, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, “जेवण फार छान असतं.” बस. आणि हे म्हणताना त्याच्या आवाजात कडू काही नसायचं. नोरीनला तो आवडला तो याच एका वाक्यावर.

आता तो चौतिशीचा होता आणि कार्लिन बेंडच्या ‘बगळे’ संघातली पोरं त्याला आजोबा म्हणायची. त्याच्या चेंडूला वेग कधीच नव्हता. चेंडू रमतगमत जायचा, फलंदाजाची ख्यालीखुशाली विचारल्यासारखं करायचा आणि ऐन वेळी काहीतरी काम आठवल्यासारखा खाली वळायचा. संघाचा मॅनेजर बड हॅनिगन रोज त्याला एकच प्रश्न विचारायचा, “हात कसा आहे?” हार्लन म्हणायचा, “आहे.” त्यांची मैत्री एवढ्यावर चालली होती आणि दोघांना ती पुरत होती.

टिली झाली तेव्हा हार्लन दोन गावांच्या मधे कुठेतरी बसमध्ये झोपलेला होता. निरोप मिळाला तो पेट्रोल पंपावर, पोरगी जगात येऊन अर्धा दिवस झाल्यावर. तिला उचलून घेतलं ते आठवडा उलटल्यावर. त्या दिवशी भांडी विसळायच्या निमित्तानं तो पाठ करून उभा राहिला आणि रडला. मग पाठमोराच म्हणाला, “पुढच्या वेळी निरोप आला की मी निघालो बघ. खेळ अर्ध्यात असू दे, चेंडू हातात असू दे. तुझा हात धरायला मी असेन.”

“कुठल्या हातानं?” नोरीननं विचारलं होतं.

दोघं हसले होते. पण शब्द दिलेला होता, आणि नोरीननं तो टिलीच्या पहिल्या मोज्यांसारखा घडी घालून जपून ठेवला होता.

ऑगस्टातला रविवार. दुपारचा सामना, ‘पाणमांजरं’ नावाच्या संघाशी. हार्लनची चेंडू फेकायची पाळी.

सकाळी उठल्यापासून नोरीनची कंबर धरली होती. डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेला अजून दोन आठवडे होते, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तरी बोलली नसती. ज्या दिवशी त्याची पाळी असे त्या दिवशी घरात त्याला कुणी काही सांगत नसे, नळ गळतोय हेसुद्धा नाही. तो घरातून एखाद्या काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखा जपून चालायचा. तिनं त्याच्या उजव्या गालावर ओठ टेकले आणि त्याला जाऊ दिलं.

क्विस्ट मंडळी त्या उन्हाळ्यात ब्रिंकमनांच्या तळघरात राहत होती. बारक्या संघांतल्या खेळाडूंना गावातली घरं अशी ठेवून घेतात. लॉरेटा ब्रिंकमननं आजवर इतके खेळाडू जेवू घातले होते की तिच्या फ्रिजचं दार त्यांच्या फोटोंखाली दिसेनासं झालं होतं. सगळे तिला ममा म्हणायचे. तिचा नवरा मर्ल टपालखात्यातून निवृत्त झालेला, आणि घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना तो बगळ्यांचे खेळाडू बसतात त्या डगआउटच्या बरोबर वरच्या खुर्चीत बसून बघायचा. पावसापाण्यात, तापात, एकदा तर मेहुणीच्या लग्नातून उठून.

नोरीन आणि लॉरेटा स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. रेडिओ बंद होता. हार्लन चेंडू फेकत असला की नोरीनला ऐकवत नसे. तो घरी येऊन बूट काढायचा, त्या बूट काढण्यावरून तिला निकाल कळायचा.

“ममा,” ती एकदम म्हणाली, “मी तुझी फरशी भिजवली गं.”

लॉरेटानं टेबलाखाली वाकून पाहिलं. “फरशी गेली खड्ड्यात! चपला कुठायत तुझ्या?”

टिलीला शेजारच्या मार्गूच्या हवाली केलं. गाडी काढायच्या आधी लॉरेटानं मर्लला फोन लावला. “मर्ल, वेळ आली. हार्लनला सांग. आत्ताच्या आत्ता.” पलीकडून मर्ल म्हणाला, “पाचवा डाव चाललाय... सांगतो,” आणि त्याचा आवाज जरा दबलेला होता, पण कुणाच्या ते लक्षात यायचं?

गावचं हॉस्पिटल मैदानापासून तीन गल्ल्यांवर. नोरीनला मिळालेल्या खोलीच्या खिडकीतून मैदानावरचे दिव्यांचे मनोरे दिसत होते, आणि लोक ओरडले की ते ओरडणंही आत यायचं. व्हर्ना नावाच्या नर्सनं तिला पलंगावर घेतलं, तपासलं, भुवया उंचावल्या. “हे बाळ काही तुमच्या तारखेचं ऐकणार नाही हं. संध्याकाळच्या चहाला हजर होईल.”

“माझा नवरा येतोय,” नोरीन म्हणाली. “निरोप गेलाय.”

तिला त्याच्या येण्याचा आवाज आधीच ऐकू येत होता. बुटांचे खिळे फरशीवर खट खट वाजवत तो येईल, कपडे बदलायला थांबणार नाही, व्हर्ना त्याला फरशीवरून रागावेल. पहिल्या काही कळा तिनं त्या खटखटीकडे कान लावूनच काढल्या. कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी गेली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत गेले. खटखट काही आली नाही.

“रेडिओ लाव, ममा.”

“तू ऐकत नाहीस ना त्याच्या वेळी?”

“लाव.”

व्हर्नाचा छोटा रेडिओ खिडकीत होता. ओरिन पेलरचा आवाज आला. बगळ्यांचे सगळे सामने ओरिन एकटाच सांगायचा, आणि मधल्या वेळात आपल्या परसातल्या टोमॅटोंबद्दल बोलायचा. ओरिन म्हणाला, “आणि हार्लन क्विस्ट चेंडू फेकायच्या उंचवट्यावर परत येताहेत, सातवा डाव सुरू...”

नोरीननं डोळे मिटले.

तो तिथेच होता. निरोप पाचव्या डावात गेला होता आणि तो अजून चेंडू फेकत होता.

“मर्ल विसरला असेल,” लॉरेटा म्हणाली. पण तिच्याच आवाजात दम नव्हता. मर्लनं चाळीस वर्षं लोकांचे निरोप पोचवले होते. हा तेवढा विसरेल?

“नाही गं ममा. मिळाला असेल त्याला. म्हणाला असेल, एवढा एक डाव टाकतो आणि निघतो.” पुढची कळ आली तशी तिनं पलंगाची कड धरली. हार्लनचं सगळं आयुष्यच असं होतं. एक डाव अजून. एक मोसम अजून, नोरीन, एवढा एकच. आणि दर वेळी तिनं होकार दिला होता, बॅगा भरल्या होत्या, नव्या गावात नवा दातांचा डॉक्टर शोधला होता. तिला तो मोसम देताना काही वाटलं नव्हतं. आज तो एक डाव मागत होता, आणि तो तिला देववेना. कळ ओसरली तरी तिनं पलंगाची कड सोडली नाही.

रेडिओवर ओरिन टोमॅटोंना पडलेल्या किडीबद्दल सांगत होता. मग म्हणाला, “सातवा डाव संपला. बगळे दोन, पाणमांजरं शून्य.” आणि परत किडीकडे वळला.

नोरीननं डोळे उघडले.

“ममा, तो हिट किती ते का सांगत नाहीये?”

प्रत्येक डाव संपला की ओरिन धावा सांगायचा आणि मग हिट सांगायचा, म्हणजे किती वेळा फलंदाजांनी चेंडू मोकळ्या जागी मारून धावेच्या वाटेवरचा टप्पा, म्हणजे बेस, गाठला ते. इतकी वर्षं त्याचं हे पाठ झालेलं होतं. आज नुसत्या धावा आणि कीड.

“व्हर्ना,” नोरीननं विचारलं, “पाणमांजरांचे हिट किती झालेत?”

व्हर्ना बाई लगबगीनं खिडकीशी गेल्या आणि पडदा सारखा करू लागल्या. पडदा सारखाच होता.

“व्हर्ना?”

“उशी देऊ का अजून एक?” व्हर्ना पडद्याला म्हणाली.

आणि मग नोरीनच्या डोक्यात उजेड पडला. ती हसायला लागली, तेवढ्यात कळ आली, आणि हसू नि कळ दोन्ही एकमेकांत अडकून तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की लॉरेटा घाबरून उभी राहिली.

“ममा, त्याला कुणी सांगितलंच नाहीये! एकही हिट नाहीये, म्हणून!”

“श्शूऽऽ!” व्हर्ना आणि लॉरेटा एकदमच म्हणाल्या.

बेसबॉलमध्ये जन्म काढलेल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. एखाद्या पिचरनं डावांमागून डाव एकही हिट दिला नाही, की त्याच्याच माणसांनी त्याच्याशी बोलायचं बंद करायचं असतं. त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, त्याच्याशी नजर भिडवायची नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही. पाण्याची बाटली बाकाच्या टोकाला ठेवायची आणि लांब व्हायचं. बोललं की मोडलं. एका गावात नोरीनच्या शेजारी अशाच एका पिचरची बायको बसली होती आणि तिनं विचारलं होतं, “कुणाला शेंगदाणे हवेत का?” तर सगळ्या बायका, नोरीनसुद्धा, आकाशातले ढग मोजत बसल्या होत्या.

बारा वर्षांत हार्लनच्या नशिबी असा दिवस आला नव्हता. आणि आला तो आजच.

लॉरेटानं फोन लावला. “मर्ल, निरोप दिलास का?”

“दिला की. तू फोन ठेवलास आणि मी वाकून हॅनिगनला सांगितलं.”

“मग?”

“मग काय? त्यानं तोंडातल्या सूर्यफुलाच्या बिया गिळल्या. सालासकट.”

“अरे पण हार्लनला कुणी सांगितलं?”

“लॉरेटा,” मर्ल कुजबुजला, “इथे काय चाललंय ते तुला माहीत नाही.”

“माहितीये. दे सोडून आणि सांग त्याला.”

“मी? आठव्या डावात? मागे तो पॉपकॉर्नवाला बोलला होता आठवतंय ना? पुढच्या चेंडूला हिट बसला. त्या बिचाऱ्याला अजून गावात कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही.”

नोरीननं हात पुढे करून फोन घेतला. “मर्ल, मी नोरीन.”

“कशी आहेस गं पोरी?”

“मूल होतंय मला, मर्ल.”

“हो, ते... आलं कानावर.”

“मर्ल, हार्लननं मला शब्द दिलाय. निरोप आला की निघेन म्हणून. तो शब्द तो पाळेल की नाही, ते मला आज कळायला हवं. तुम्ही सगळे गप्प बसलात तर मला जन्मभर कळणार नाही.”

 मर्ल अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाला, “पोरी, तोंड उघडतोय मी, पण आवाज फुटत नाही. देवाशपथ. आत्ता तो डगआउटमधून बाहेर येताना प्रयत्न केला.”

नोरीनला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आज स्वतः त्या कठड्यापाशी उभी असती तर तिची जीभ तरी हलली असती का? ती विचार करत राहिली, आणि खिडकीतला रेडिओ बोलत राहिला: “पाणमांजरांचा पहिला फलंदाज बाद! तिकडे पहिल्या बेसपाशी तेओ बासाल्दुआ टाळ्या वाजवून आपल्या पोरांना धीर देताहेत...”

“मर्ल,” नोरीन म्हणाली, “ही गप्प बसायची रीत आपल्याच माणसांना आहे ना?”

“हो.”

“समोरच्या संघाला नाही?”

“छे, ते तर मुद्दाम बोलतात.”

“पहिल्या बेसपाशी तेओ उभा आहे ना?”

“आहे की,” मर्ल म्हणाला. तेओ बासाल्दुआला बगळ्यांच्या गावातही सगळे ओळखत. तो हार्लनबरोबर पाच वर्षं एका बसमध्ये झोपलेला, त्याच्या लग्नात करवला म्हणून उभा राहिलेला, आणि आता पाणमांजरांचा प्रशिक्षक. त्यांची फलंदाजी असली की तो पहिल्या बेसच्या कडेला उभा असायचा, हार्लनपासून हाकेच्या अंतरावर.

“जा आणि तेओला सांग.”

“पाणमांजरांच्या बाजूला जाऊ? मी? आजपर्यंत त्या बाजूच्या मुतारीतसुद्धा गेलो नाही मी...”

लॉरेटानं फोन ओढून घेतला. “मर्ल ब्रिंकमन! जातोस, की आज रात्री त्यांच्याच बसनं त्यांच्या गावी जेवायला जातोस?”

फोन बंद झाला. तिघी रेडिओकडे बघत राहिल्या. व्हर्नानं एका हातानं नोरीनची नाडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं आवाज वाढवला.

“एक क्षण हं मंडळी,” ओरिन म्हणाला. “मर्ल ब्रिंकमन खुर्चीतून उठलेत. आठव्या डावात. तब्येत बरी आहे ना त्यांची? चालले, चालले... अहो, हे तर पहिल्या बेसच्या बाजूला निघालेत! मर्ल ब्रिंकमन पाणमांजरांच्या लोकांत! कठड्यावरून वाकले. तेओच्या कानाशी काहीतरी... तेओनं त्यांना मिठी मारली. मला काही कळत नाही मंडळी.”

नोरीनला सगळं कळत होतं. कळ आली आणि तिनं ती रेडिओसकट सोसली.

“तेओ हार्लनला ओरडून काहीतरी सांगताहेत. हातांचा पाळणा करून दाखवताहेत. बाळ आहेस म्हणून चिडवताहेत बहुतेक. जुनी सवय आहे त्यांची, मागच्या महिन्यात पँट उसवली म्हणून ओरडले होते. हार्लन हसले. चेंडू टाकला. चुकला.”

“विश्वास नाही बसला त्याचा,” लॉरेटा म्हणाली. “बसणार कसा? मेला तेओ आयुष्यभर थापा मारत आलाय.”

“तेओनं टोपी काढली. छातीवर क्रूस काढला. आता गुडघ्यावर बसले, मंडळी! पंच त्यांना उठवताहेत. हार्लन थांबलेत. ते... मर्लच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताहेत.”

खिडकीतून येणारा सगळा गलका थांबला होता. तीन गल्ल्यांवर हजारभर माणसं बसली होती आणि एका कुत्र्याचं भुंकणं तेवढं ऐकू येत होतं.

“हार्लननं पंचांकडे वेळ मागितली. डगआउटकडे चाललेत. चेंडू हातातच आहे. पायरीपाशी थांबले. काहीतरी विचारताहेत. हॅनिगन... हॅनिगन छताकडे बघताहेत. बाकावरचा राखीव खेळाडू बुटाची नाडी बांधतोय. पलीकडचे तिघं भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. हार्लन परत विचारताहेत. कुणी...” इथे ओरिन अडखळला, कारण पुढे काय म्हणायचं ते त्यालाही अडचणीचंच होतं. “कुणी, म्हणजे, फारसं बोलत नाहीये.”

त्यानं काय विचारलं ते नोरीनला नंतर कळलं. “खोटं असेल तर खोटं आहे म्हणा,” एवढंच. आणि कुणी ‘खोटं आहे’ म्हणालं नाही. पण त्या क्षणी, पलंगाची कड धरून, तिला एवढंच माहीत होतं की आता त्याला कळलंय. नऊ डावांच्या खेळात अजून पाच फलंदाज बाद करायचे होते. फार तर वीस मिनिटं. बारा वर्षांत एकदा. ती काही म्हणाली नसती. मनातल्या मनात ती त्याला तेवढी वीस मिनिटं द्यायला लागलीसुद्धा होती, नेहमीसारखी.

“त्यांनी चेंडू हॅनिगनच्या हातात ठेवला,” ओरिन म्हणाला.

मग खिडकीतून जे काही आत आलं ते ओरडणं नव्हतं, धरण फुटल्यासारखं काहीतरी होतं. कारण चेंडू दिला त्या क्षणी हार्लन त्या खेळातला पिचर उरला नव्हता, आणि रीत संपली होती. सगळा संघ एकदम बोलायला लागला. “पळ! पळ आजोबा! पाचव्या डावापासून, अरे गाढवा! आम्हाला माहीत होतं! पळ!” पार पलीकडच्या टोकाहून मर्ल हात हलवत होता, तेओ नाचत होता, आणि ओरिन पेलर घसा फाटेस्तोवर ओरडत होता, “एकही हिट नाही! मंडळी, या माणसानं आज एकही हिट दिला नाही! दोन तास माझ्या पोटात होतं हे!”

व्हर्नानं डोळे पुसले आणि म्हणाली, “चला, आता माझ्याकडे लक्ष द्या बघू.”

मग ती खटखट आली. कॉरिडॉरच्या टोकापासून, धावत, वळणावर घसरत, फरशी ओरबाडत. दारात तो उभा राहिला. गुडघ्यांवर माती, छातीवर बगळा, टोपी उजव्या हातात चुरगाळलेली.

“कुणी बोलतच नव्हतं गं माझ्याशी,” हार्लन धापा टाकत म्हणाला. “मला वाटलं माझ्या अंगाला वास येतोय.”

“येतोय,” नोरीन म्हणाली. “इकडे ये.”

तो पलंगापाशी आला. तिनं सवयीनं त्याच्या उजव्या हाताच्या दिशेनं हात नेला, सात वर्षांची सवय. त्यात टोपी होती. ती टोपी तो सहज खाली टाकू शकला असता. त्यानं दुसरा हात पुढे केला.

नोरीननं त्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या टोकांना घट्टे, मधल्या बोटाचं नख काळं पडलेलं, तळव्यावर मैदानाची लाल माती.

“हा?” तिनं विचारलं.

“हाच.”

“चार दिवसांनी पुन्हा पाळी आहे तुझी. मी जोरात धरणार आहे.”

“धर ना.”

मग बोलायला वेळ उरला नाही. तिनं तो हात असा धरला की हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हूं की चूं न करता उभा राहिला. खिडकीतल्या रेडिओवर हार्लनच्या जागी आलेल्या नव्या पोरानं पहिलाच चेंडू टाकला आणि पाणमांजरांच्या फलंदाजानं तो सरळ डाव्या कोपऱ्यात मारला. हिट. व्हर्नानं हळूच हात लांबवून रेडिओ बंद केला. त्या दोघांपर्यंत ते पोचलंच नाही.

चहाच्या वेळेला, व्हर्नानं सांगितल्याप्रमाणे, मुलगी झाली. भरपूर जावळ आणि कपाळावर आठी, जणू तिलाही कुणी वेळेवर काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळचं ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं तेव्हा कॉरिडॉरमध्ये खूपसे खिळ्यांचे बूट एकदम वाजले. सगळा संघ आला होता, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. दोन तासांचं साठलेलं प्रत्येकाला आधी बाहेर काढायचं होतं. मर्ल सांगत होता की त्या बाजूची मुतारी जास्त स्वच्छ आहे. तेओ सांगत होता की तो आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला आणि तेव्हाच कुणी मानलं नाही. लॉरेटा सगळ्यांना गप्प बसा म्हणत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होती. नवा पोरगा दाराशीच उभा होता, टोपी पोटाशी धरून.

“पहिलाच चेंडू, हार्लन,” तो रडवेला होऊन म्हणाला. “एकसुद्धा टिकवता नाही आला मला.”

“जिंकलो ना?”

“दोन एक.”

“मग झालं तर. मीही तोच चेंडू टाकला असता,” हार्लन म्हणाला. ते खरं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, पण पोराच्या खांद्यांतला ताण उतरला.

हळूहळू माणसं पांगली. हॅनिगन तेवढा मागे राहिला. इतका वेळ तो एक अक्षर बोलला नव्हता. त्याच्या हातात चेंडू होता, हार्लननं त्याला दिलेला. तो त्यानं खिडकीत रेडिओशेजारी ठेवला, खाकरला, आणि पलंगाकडे पाहिलं.

नोरीन नवऱ्याच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. हार्लन तिच्या कडेला अर्धवट बसला होता, अवघडून, आणि उजवा हात मोकळाच लोंबत होता. डाव्याच्या पंजात बाळाचं डोकं होतं. मनगटाच्या वर नोरीनच्या नखांच्या चार लाल चंद्रकोरी होत्या, आणि बोटं जराशी सुजायला लागली होती.

“हात कसा आहे?” हॅनिगननं विचारलं.

हार्लननं त्या हाताकडे पाहिलं.

“कामात आहे,” तो म्हणाला.